तुझं काम करणारी

८ सप्टेंबर

ताई,

फोन करून करून बोट दुखलं. तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, त्या निळ्या खुणा दिसतात मला, पण उत्तर काही येत नाही. म्हणून आता पत्र. फाडायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेली चुरगळलेली वस्तू सरळ केल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम चुरगळून पाकिटात घालणार आहे.

परवा तू न जेवता गेलीस. तालमीच्या हॉलमधल्या सगळ्यांना हसून "येते हं" म्हणालीस आणि माझ्याकडे न बघताच स्टँडकडे चालू लागलीस. मी मागून धावत आले तर म्हणालीस, "जा, तालीम आहे ना तुझी." त्यातल्या 'तुझी'वर काय तो जोर! उगाच शब्दांवर जोर देऊ नये, हे मला कुणी शिकवलं गं?

एवढंच सांग, माझं चुकलं काय? तिशीच्या आतलेच घ्यायचे हा नियम मी केला नाही. ज्यांच्या घरातलं कुणी कधी रंगमंचावर चढलं नाही अशा नवोदितांसाठी योजना, असं त्यांनी छापलं, तेव्हा आपण दोघी आपल्या लॉन्ड्रीच्या दुकानात नाचलो होतो. वर्षभर राहायला खोली, तालमीला हॉल, शिकवायला मॅडम आणि शेवटी खऱ्या थिएटरात प्रयोग. मग खालची वयाची ओळ तूच वाचलीस आणि तूच म्हणालीस, "माझं नवोदित व्हायचं वय कपड्यांच्या गठ्ठ्याखाली गेलं बघ." बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू पंचविशीत होतीस. त्यांचा उजवा हात गेला आणि त्यांची इस्त्री तुझ्या हातात आली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला कुणी काही सोडायला सांगितलं नाही. हे मी विसरलेली नाही.

"तू जा," असंही तूच म्हणालीस. "एकीचा पाय आत गेला की दुसरीला ओढता येईल." मी ओढतेच आहे गं. फोन उचल.

तुझा
चिमटा


२४ सप्टेंबर

ताई,

बाबांशी बोलले. त्यांना फोनवर दोन शब्द लावायलाही वेळ लागतो, तरी म्हणाले, "ताई... कामात." बाबांना खोटं बोलायला लावतेस, लाज वाटते का?

त्या दिवसाचं खरं काय ते लिहून टाकते. तुला वाटत असणार, हिनं मला वापरून घेतलं. मलाही तुझ्या जागी तसंच वाटलं असतं.

इथं आल्या आल्या मी मॅडमना सांगितलं होतं की हे नाटक निम्मं ताईचं आहे. निम्मं म्हणजे कुठलं निम्मं, असं त्यांनी विचारलं आणि मला सांगता येईना. आपण काही लिहिलंच कुठे होतं? लोक कपडे टाकून जायचे आणि न्यायला यायचे नाहीत. तसला एखादा शर्ट तू झटकायचीस, दोन्ही खांद्यांना धरून समोर उभा करायचीस आणि ओठांत नंबराच्या चिठ्ठ्या लावायच्या पिना तशाच ठेवून त्या माणसाच्या आवाजात बोलायला लागायचीस. मी घड्या घालता घालता उत्तर द्यायची. मग तू त्यावर बोलायचीस. कुठलं वाक्य कुणाचं, ते आपल्यालाच कधी कळलं नाही. मॅडमना हे पटलं, पोस्टरवर 'कल्पना: दोघी बहिणी' असं टाकूया म्हणाल्या. पण काम करायचं तर योजनेत निवडलेल्यांनीच. मी ऑफिसात तीनदा जाऊन आले. तिथले काका चांगले आहेत, पाणी देतात, बसायला खुर्ची देतात आणि नाही म्हणतात.

मग तुझं काम तिला दिलं. तुला ती भेटलीच. उंच, शांत, हॉस्टेलमध्ये माझ्याच खोलीत राहते. तिचे वडील लिफ्ट चालवतात, म्हणजे तीही आपल्यासारखीच साध्या घरातून आलेली. तिला सगळं जमायचं, फक्त पिना ओठांत धरून बोलणं जमेना. एक तर पिना पडायच्या, नाही तर बोलणं. तेव्हा मी मॅडमना म्हटलं, ताईला एक दिवस बोलावू, ती दाखवेल.

पण माझ्या मनात वेगळंच होतं. मला वाटलं, मॅडमनी तुला एकदा शर्ट झटकताना बघितलं की नियम गेला उडत, त्या स्वतःच ऑफिसात जाऊन भांडतील. मी तुला शिकवायला बोलावलं नव्हतं ताई, दिसायला बोलावलं होतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. "मी काय दाखवायला ठेवलेलं स्थळ आहे?" असं म्हणाली असतीस.

आणि तू काय केलंस! बाह्या दुमडल्यास आणि खरंच शिकवायला बसलीस. "अगं, दातांनी नाही, ओठांनी. दातांनी धरलंस की चिडल्यासारखी दिसतेस." "घाबरू नकोस, इतक्या वर्षांत एकही गिळली नाही मी." तिच्या हनुवटीला हात लावून मान किती वळवायची ते दाखवलंस. शर्टाच्या खांद्यांवर तिची बोटं नीट बसवलीस. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात ओरडत होते, अगं, इतकं चांगलं शिकवू नकोस. संध्याकाळपर्यंत तिला जमलं. नुसतं जमलं नाही, आम्ही सगळे हसून हसून वाकलो, बाबांची शपथ. मॅडमनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "झालं! आता काही अडचण नाही."

तू एकेक पिन ओठांतून काढून आपल्या कुर्त्याच्या काठाला टोचत होतीस तेव्हा. मी पाहिलं ते.

माझा बेत फसला, ताई. तुला आत आणायला गेले आणि तुझी गरजच लागणार नाही अशी सोय करून बसले. एवढी शिक्षा पुरे कर.

चिमटा


१७ ऑक्टोबर

ताई,

गठ्ठा मिळाला. नाटकासाठी दुकानातले न नेलेले शर्ट पाठवशील का, असं मी बाबांकडून विचारलं होतं. मला वाटलं होतं, नाही म्हणशील. आणि आले ते असे की हॉलमधली पोरं हात लावायला घाबरली. कॉलरी ताठ, घड्या धारदार, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. ती चौकटीच्या शर्टाची तुटलेली बटणंही लावलीस. त्याचा मालक आता काय यायचा नाही, तरी लावलीस.

मी सगळ्यांचे खिसे तपासले. तू हसशील, पण तपासले. आतले, बाहेरचे, शर्टांबरोबर आलेल्या त्या कोटाचा चोरखिसा सुद्धा. कुणाच्याही खिशात काही सापडलं की नीट बाजूला काढून ठेवायची आपल्या दुकानाची पद्धत, म्हणून मला वाटलं, माझ्यासाठी एखाद्या खिशात दोन ओळी ठेवल्या असशील. 'नीट काम कर' एवढं जरी असतं. नव्हतं.

ती खोलीत आली तेव्हा मी शर्टांच्या ढिगात बसून रडत होते. तिनं काही विचारलं नाही. सगळे पुन्हा घडी घालून ठेवले, आणि घडी तुझ्यासारखी घातली, बाही आधी मागे आणि मग खाली. तू एकदाच दाखवलं होतंस तिला. ती चांगली आहे गं, हाच तर घोळ आहे. वाईट असती तर मी तुला किती मजेदार पत्रं लिहिली असती.

प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. पुढच्या रांगेत तुझी जागा ठेवते आहे. बाबांना शेजारच्या काकू बघतील, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. ये. भांडायला ये. माझ्याशी बोलू नकोस, नुसती येऊन बस.

चिमटा


१३ नोव्हेंबर

ताई,

तुझी जागा रिकामी राहिली. एका गृहस्थांनी तिथं बॅग ठेवली तर मी पडदा उघडायच्या आधी बाहेर जाऊन ती उचलायला लावली. मेकअप लावलेल्या तोंडानं. मॅडम ओरडल्या.

प्रयोग चांगला झाला. असं एका ओळीत लिहिताना कसंतरी होतं, कारण या ओळीसाठीच तर आपण इतकी वर्षं वाफेत उभं राहून बडबडलो. तिनं पहिला शर्ट झटकला आणि थिएटर हसलं. त्या कोटाच्या प्रवेशात इतकी शांतता झाली की मला माझ्या घडीचा आवाज ऐकू आला. शेवटी लोक उभे राहिले. मी वाकून नमस्कार केला आणि उजवीकडे बघितलं. तिथं कायम तू असायचीस. ती होती.

नंतर प्रेक्षकांचे प्रश्न झाले. कुणीतरी तिला विचारलं, "तुम्ही कधी लॉन्ड्रीत काम केलंय का? फार खरं वाटलं." ती म्हणाली, "मी नाही. हिच्या ताईनं केलंय. मी त्यांचं उचललंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी वाजवल्या कोण जाणे, तू तर नव्हतीस.

आता या नाटकाचे प्रयोग गावोगाव करायचे ठरतंय. मला आनंद झालाय, हेही लपवत नाही. रडू आणि आनंद दोन्ही एकदम होतंय आणि दोन्हींत तुझीच उणीव आहे.

आज सकाळी बाबांना फोन केला. काल दुकान लवकर बंद केलं होतं, असं त्यांच्या तोंडून निसटलं. का, तर म्हणाले, "ताई... बाहेर." कुठं गेली होतीस गं?

चिमटा


११ जानेवारी

ताई,

समोर बोलता आलं नाही म्हणून गाडीतच लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येईल. रस्त्याला दोष दे.

मी धावतच आले होते घरी. योजनेच्या शेवटच्या बैठकीत आम्हाला सूचना विचारल्या. बाकीचे दिव्यांबद्दल आणि खोल्यांबद्दल बोलले. माझी पाळी आली तेव्हा मीही बोलले. म्हटलं, "तुम्ही म्हणता, ज्यांना कधी संधी मिळाली नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे. मग वयाची अट कशाला? आमच्या घरांत संधीला नंबर लावावा लागतो. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्यांचं शिक्षण, मग घर. आपला नंबर येतो तेव्हा तुम्ही खिडकी बंद करता." मला वाटलं, झालं, आता मला हाकलतात. पण महिन्याभरानं ऑफिसातल्या काकांनी स्वतः येऊन सांगितलं, अट काढली. पुढच्या वर्षी कुणीही अर्ज करू शकतं.

कुणीही म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर फक्त तू होतीस.

तू इस्त्री करत होतीस. म्हणालीस, "बरं झालं. कुणाचं तरी भलं होईल."

"कुणाचं तरी काय? तुझं होईल!"

तेव्हा माझं लक्ष टेबलाकडे गेलं. पिना वाटीत होत्या. तू प्रत्येक चिठ्ठीला वाटीत हात घालत होतीस, चाचपडत होतीस, काम कितीतरी हळू चाललं होतं. मी विचारलं, "तोंडात का नाही धरत?"

तू इस्त्री उभी केलीस. बाबा खुर्चीतून बघत होते. "मी आले होते तुझ्या प्रयोगाला," म्हणालीस. "मागे, दारापाशी उभी होते. तिनं शर्ट झटकला तेव्हा सगळे हसले, मीही हसले. फार छान करते ती. माझ्यापेक्षा छान."

"काहीतरीच बोलू नकोस."

"ऐक तर. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पिना तोंडात धरल्या, शर्ट झटकला, आणि मला वाटलं, मी तिची नक्कल करतेय. मान तिच्यासारखी वळली. थांबले, पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मग मी आधी कसं करायची ते आठवायला गेले, तर आठवेचना. डोळ्यांपुढे तीच येते."

मी मूर्खासारखी म्हणाले, "मी शिकवते ना तुला."

तू माझ्याकडे बघितलंस. "माझं काम? मला? तू शिकवणार?" आणि आपण दोघी हसलो, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, बाबाही हसले तोंड वाकडं करून. मग तू हसता हसता खाली बसलीस आणि ओंजळीत तोंड लपवलंस. मी जवळ आले तर हात वर करून थांबवलंस.

"मी रागावलेली नाही तुझ्यावर," असं म्हणालीस. "रागावले होते, तो राग प्रयोग बघून गेला. पण काही दिवस माझ्याशी बोलू नकोस. तू बोललीस की मी उत्तर द्यायला जाते, सवयच ती, आणि उत्तर तिच्या आवाजात येतं. मला नाही सहन होत."

रागावली असतीस तर मी तुझी समजूत काढली असती. त्यात मी पटाईत आहे. याला काय करू ते मला कळत नाही.

अर्जाचा कागद मी टेबलावर ठेवला होता. निघताना बघितलं तर त्यावर तू गरम इस्त्री टेकवली होतीस. मुद्दाम नाही, मला माहीत आहे. हाताखाली आला म्हणून. दुसरा पाठवू का?

चिमटा


६ मार्च

ताई,

तू बोलू नकोस म्हणालीस, मी बोलले नाही. गाडीतल्या त्या पत्रानंतर पुन्हा लिहिलंही नाही. आज लिहिते आहे कारण आज मला भीती वाटली.

ती नाटक सोडते आहे. तिला मोठ्या कंपनीत काम मिळालं, तिचं चांगलंच होईल. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "ताईंना सांग, जे काही मिळालं ते त्यांच्यामुळे." सांगितलं. तिच्या जागी नवी मुलगी आली आहे. प्रयोग लागलेले आहेत, त्यामुळे मॅडम म्हणाल्या, तूच शिकव हिला, मूळचं कसं होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आम्ही हॉलमध्ये गेलो. नवी मुलगी शर्ट घेऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "कसं बोलू?" मला वाटलं, आता हिला अगदी तुझंच देते. मधलं सगळं पुसून थेट तुझं. मी डोळे मिटले, दुकान आठवलं, टेबल आठवलं, तुझे हात आठवले. ते अजून तुझेच आहेत. मग तुझा आवाज आठवायला गेले.

जी गेली तिचा आला, ताई.

पुन्हा प्रयत्न केला. लहानपणचं आठवलं, तू मला दारातून हाक मारायचीस ते. ती हाक सुद्धा तिच्या आवाजात ऐकू आली. जी बाई आपल्या दारात कधी उभी राहिली नाही तिनं मला हाक मारली. नवी मुलगी वाट बघत होती. मी तिला म्हटलं, पाणी पिऊन येते, आणि जिन्यात येऊन बसले. हे तिथंच लिहिते आहे.

माझं ऐक. योजनेचं राहू दे, अर्जाचं राहू दे, रंगमंचावर पाय ठेवू नकोस हवं तर कधीच. पण हे पत्र मिळालं की लगेच फोन कर. नाटकातलं काही बोलू नकोस. कुणाचे कपडे आले, बाबांनी औषध घेतलं का, ते सांग. नाही तर शिव्या दे, मनात साठल्या असतील तेवढ्या सगळ्या दे. तुला उत्तर द्यावं लागेल असं मी काही बोलणार नाही. मधे एक शब्दही काढणार नाही, नुसतं कानाला लावून बसेन.

मला तुझा आवाज ऐकू दे. जातोय गं तो.

चिमटा